दुसरा धूर

नानांना मी शेवटचं पाहिलं ते माघातल्या एका दुपारी, चोपड्याला त्यांच्या घरी. ओसरीवरच्या बाजेवर ते डोळे मिटून पडले होते, छातीचा भाता चालू होता, आणि उशाशी त्यांचा मुलगा वसंता बसला होता... नाकातोंडावर ओला पंचा घट्ट बांधून. फक्त डोळे उघडे. ते पाहून मला काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. मला संताप आला. बाप मरणाच्या दारात, आणि हा त्याच्या श्वासाची शिसारी धरून तोंड बांधून बसलाय! बाप-लेकाचं बिनसलेलं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण इतकं? माझ्या तोंडून काही निघणार तेवढ्यात अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, नानांच्या बायकोनं, माझा दंड धरून मला आत चुलीपाशी नेलं. "काही बोलू नको भाऊ," ती म्हणाली. "ते त्यासनासाठीच बांधेल शे. वसंतानी तोंड बांधं नही ना, तर ह्या निजतस नही. उठी बसतस, त्याना तोंडले हात लावतस." मी पुन्हा बाहेर येऊन बसलो. जरा वेळानं नानांनी डोळे उघडले. मी समोर होतो, पण मला त्यांनी पाहिलंच नाही. वसंताच्या तोंडाकडे पाहिलं, पंचा जागेवर आहे असं दिसल्यावर पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत चोपड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं जळगावला मी शिकवतो त्या शाळेत निरोप आणून दिला, नाना गेले.

वर्तमानपत्रात लिहावं अशी नाना ही असामी नव्हती. त्यांनी कधी सभा गाजवली नाही, विहीर बांधली नाही, कुणाला शहाणपण शिकवलं नाही. चांगले शेतकरी होते, बैल त्यांच्या शब्दात असत, बस्. तरीही लिहायला बसलो आहे, कारण त्यांच्या दहाव्याला नदीवर बसलेल्या मंडळींत एकानं हळूच म्हटलेलं माझ्या कानांवर पडलं, "माणूस देवमाणूस, पण भारी घाबरट." माझा स्वभाव असा की असं वाक्य कानात पडलं की ते दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं राहतं. तिथं मी गप्प बसलो, नदीवर भांडायची रीत नाही. इथं मात्र बोलणार आहे.

अक्काचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नाना पहिल्या लढाईवर गेले. बाजारात भरतीवाले आले होते. त्यांना बंदूक चालवणारे नको होते, जनावर ओळखणारी माणसं हवी होती, खेचरं हाकायला. नाना आणि त्यांचा तालमीतला जोडीदार सुपडू, दोघांनीही नावं दिली. का दिली, ते मी नानांना पुढे एकदा विचारलं होतं. "आगीनबोट देखानी व्हती," इतकंच म्हणाले. सुपडू पलीकडच्या गावचा, हसरा, बोलका, कुणाची नक्कल करायला लागला की म्हातारी माणसंही काठ्या टाकून हसत. दोघं गेले आणि एकटे नाना परत आले. सुपडूचं काय झालं, हे त्यांनी त्याच्या आईलासुद्धा धड सांगितलं नाही. "धुरात गेला," म्हणाले. गावाला वाटलं, कुठं आग लागली असेल.

ते परत आले त्या दिवशी मी तिथं होतो. घरात निम्मं गाव जमलेलं. लढाईवरून पोरगा हातीपायी धड आला म्हटल्यावर त्याची दृष्ट काढायची नाही तर कुणाची? त्यांच्या आईनं मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळल्या आणि उंबऱ्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. नाना तोवर हसत होते, कुणाशी बोलत होते. मिरच्यांचा धूर वर आला आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझ्या डोळ्यांपुढून तो अजून जात नाही. त्यांनी अक्काचं मनगट धरलं, तिला ओढत शिडीवरून धाब्यावर नेलं, आणि वरून सगळ्यांना बोलावत ओरडायला लागले, "वर या! बठ्ठा वर या! खाले थांबू नका!" आपल्याकडची मातीच्या सपाट छपराची घरं... वर उभा माणूस सगळ्या गल्लीला दिसतो. आधी लोक हसले. मग त्यांचा आवाज ऐकून हसायचे थांबले. दिवस कलेपर्यंत नाना खाली आले नाहीत, आणि अक्कालाही येऊ दिलं नाही. नवी नवरी ती, डोक्यावरचा पदर सावरत नवऱ्याशेजारी धाब्यावर बसून राहिली.

दृष्ट लागलेली असली की मिरच्या जळल्या तरी ठसका लागत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्या दिवशी सगळ्यांनाच ठसका लागला होता. त्यांच्या आईनं समाधानानं सांगितलं, "काही नही व्हयेल त्याले. दृष्ट नव्हतीच." म्हणजे शास्त्राप्रमाणे नानांना काहीच झालेलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्या घरात मिरची भाजली गेली नाही. खानदेशात राहून! माझ्यासारख्या जिभेच्या गुलामाला अक्काकडे जेवणं ही शिक्षा होती. भरितातली मिरची कच्चीच ठेचलेली, वरणाला फोडणी नाही, आणि आमटी अशी मिळमिळीत की आजाऱ्यानंही तोंड वाकडं करावं. मी म्हणायचो, "नाना, तुमच्या घरात आणि इस्पितळात फरक एवढाच की इस्पितळात तुमच्यापेक्षा मीठ जास्त असतं." नाना हसायचे. त्यांच्या डोळ्यांतून सदा पाणी वाहायचं, लढाईपासूनच. हसताना वाहायचं, बैल धुताना वाहायचं, लग्नात वाहायचं. धोतराच्या सोग्यानं डोळे टिपत ते म्हणायचे, "भाऊ, तू गोदामायकडे जेव. मी वाईट नही मानस." गोदामाय म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. चैत्रात वर्षाचा मसाला करायचा झाला की अक्का आपल्या मिरच्या सुपात घेऊन तिच्या चुलीवर भाजायला जायची. आणि ह्यातून त्या गल्लीत एक रीतच पडून गेली. गोदामाय रोज मिरची भाजायला टाकायच्या आधी भिंतीपलीकडून हाक द्यायची, "अक्का वं, मिरच्या टाकस वं! खिडकी लाव!" मग इकडे खिडकीची कडी वाजायची, ती कडी ऐकल्यावरच तिकडे तव्यावर मिरची पडायची. पुढे गल्लीतल्या बाकीच्या बायकाही तशाच हाका देऊ लागल्या. नव्या सुनांना सासवा पाणवठा कुठं आहे ते दाखवायच्या तशी ही हाकही शिकवायच्या. कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. हसणारे हसायचे. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणायचे, आणि तरी हाक द्यायचे.

अशा घरात वसंता वाढला. मॅट्रिकनंतर तो जळगावला माझ्याकडे राहायला आला आणि लवकरच त्याच्या अंगावर खादी आली. पोरगा तेजस्वी, बोलायला तरतरीत, पण वडिलांचा विषय निघाला की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. "सरकारची खेचरं हाकायला गेले, आणि वर मिरचीला भितात," असं तो एकदा माझ्या बायकोला म्हणाला. वीस वर्षांच्या मुलाला बापाची लाज वाटणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. पण ह्याची लाज खोल होती. बाप भित्रा, ह्या गोष्टीची. आणि नानांना ते कळत होतं.

बेचाळीसच्या श्रावणात जळगावात धरपकड सुरू झाली. वसंता मिरवणुकीत झेंडा घेऊन पुढे असणार हे चोपड्याला कळलं, तसे नाना त्याला घरी न्यायला माझ्याकडे आले. वसंतानं त्यांच्याशी एक शब्द बोलायचीही तसदी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी नाना आणि मी बाजारात एका मारवाडी कापडवाल्याच्या ओट्यावर उभे होतो. शेठजी माझे ओळखीचे, त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. मिरवणूक आली. वसंता पुढे होता, झेंडा उंच धरलेला, आणि मी कबूल करतो, मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला. मी नानांकडे पाहिलं तर तेही पाहत होते, डोळे टिपत होते. समोर पोलीस उभे होते. शिट्टी वाजली. मला वाटलं लाठ्या चालणार. पण त्यांनी छोटे छोटे डबे फेकले, ते रस्त्यावर घरंगळत आले आणि फुसफुसत पांढरा धूर सोडू लागले.

त्या धुराविषयी आम्ही मुंबईच्या बातम्यांत वाचलं होतं. अश्रुधूर. माणसाला रडवतो, मारत नाही, हे मलाही माहीत होतं, शेठजींनाही. शेठजी दुकानाची फळी लावता लावता म्हणाले, "घबराओ मत मास्तर, आंख धो लेना, हो गया." मी मागे वळून पाहिलं तर नाना ओट्यावर नव्हते. दुकानाच्या दाराशी वाटसरूंसाठी ठेवलेला पाण्याचा माठ आडवा पडला होता, त्यांच्या खांद्यावरचा पंचा त्यात भिजवलेला होता, आणि ते तो घेऊन धुराकडे पळत होते. सगळी माणसं उलट बाजूला पळत होती, डोळे चोळत, शिव्या देत, काही जण तर हसतही. त्यांच्यातून हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस आत घुसला. धुरातून मला त्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "पयु नका! वर चढा! डोया पुसू नका, तोंड बांधा! दुसरा येस मागून!" कुणाला काय कळणार? मग ते दिसले. वसंताच्या तोंडावर पंचा करकचून बांधलेला, त्याला कमरेला धरून उचललेलं, आणि तो हातपाय झाडतोय. त्या ओढाताणीत वसंताच्या हातातला झेंडा खाली पडला. सगळ्यांनी पाहिलं. नानांनी त्याला समोरच्या वखारीच्या जिन्यानं माडीवर नेलं आणि दाराला पाठ लावून बसले. ह्या सगळ्या वेळात त्यांच्या स्वतःच्या तोंडावर काही नव्हतं.

दुसरा धूर आलाच नाही. थोड्या वेळात वारा सुटला, रस्ता मोकळा झाला. पुढच्या फळीतली मुलं पोलिसांनी पकडून नेली, त्यांच्याबरोबर वसंता नव्हता, कारण तो माडीवर होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की वसंताच्या बापानं झेंडा पाडला आणि पोराला कडेवर घेऊन पळाला. कुणी त्यापुढे जाऊन म्हणालं, जुना सरकारी शिपाई, आधीच ठरलं असेल. वसंता माझ्या घरी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, धुरानं की कशानं ते कोण सांगणार. नाना ओसरीत खोकत बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "असं वाचण्यापेक्षा मेलो असतो तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी तो स्वतःच कचेरीसमोर जाऊन घोषणा देत उभा राहिला आणि तुरुंगात गेला. नानांनी त्याला अडवलं नाही.

नानांचा खोकला मात्र थांबेना, म्हणून मी त्यांना ठेवून घेतलं. डॉक्टरनं छाती तपासली आणि सांगितलं, "ह्या धुरानं छाती जात नाही. हे दुखणं जुनं आहे." मी म्हटलं, "डॉक्टर, काल-परवापर्यंत हा माणूस शेतात औत धरत होता." त्यांनी मान हलवली, तेच पुन्हा म्हणाले. मला नानांच्या आईचं ते वाक्य आठवलं, काही नही व्हयेल त्याले. घरी येताना टांग्यात नाना सुपडूविषयी आपणहून बोलले. आयुष्यात एकदाच बोलले, आणि ते मी जसं ऐकलं तसं इथं देतो.

फ्रान्सात त्यांना औषधात भिजवलेल्या पट्ट्या मिळायच्या, नाकातोंडावर बांधायला. एके सकाळी नाना आणि सुपडू खेचरांवर दारूगोळ्याच्या पेट्या चढवत होते, तेव्हा गोळे पडले, पण फार आवाज न करता. त्यातून धूर आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. गोरे, पंजाबी, सगळे रडताहेत. सुपडूला त्याचं हसू आवरेना. "नाना, देख," तो म्हणाला, "सायेबसुद्धा रडी ऱ्हायनात!" आणि एका गोऱ्या साहेबाची रडण्याची नक्कल करून दाखवायला, डोळे पुसायला, त्यानं पट्टी खाली सरकवली. तेवढ्यात दुसरे गोळे आले. त्यातला धूर रडवणारा नव्हता. तो जड होता, खाली बसायचा, खड्ड्यात भरायचा. नाना पट्टी धरून वर टेकाडावर पळाले, सुपडू खालीच राहिला. "पहिला धूर रडावस," नाना टांग्यात मला म्हणाले, "तो काही करत नही. माणूस डोया पुसाले पट्टी काढस. मग दुसरा येस. मी सुपडूले हाक दिधी, पन वर गया पहिले, हाक दिधी मागून..." डोळ्यांतून पाणी चाललेलंच होतं, ते तर नेहमीचंच. त्या दिवशी ते कोणतं होतं हे मला सांगता येणार नाही.

आता मला सांगा, जळगावच्या बाजारात तो माणूस भिऊन धावला का? चूक झाली त्यांची, मान्य. तो धूर तो नव्हता. पण त्यांच्या लेखी त्या रस्त्यावर मरण येत होतं, आणि ते मरण कसं असतं हे सगळ्या जळगावात त्यांना एकट्याला ठाऊक होतं. आणि ह्या खेपेला ते आधी वर गेले नाहीत.

वसंता सुटून आला तेव्हा त्याचा सत्कार झाला. नाना मंडपाच्या मागे उभे होते. त्यानंतरची वर्षं बाप-लेक एकाच घरात राहिले आणि एकमेकांशी अक्काच्या तोंडून बोलले. "त्यांना सांग, जेवण वाढलंय." "त्याले सांग, बैल बांधी टाक." मी वसंताला सांगायला जायचो, तर नानांनी मला शपथ घातलेली. "मुद्दाम सांगानं नही. त्यानी इचारं तर सांग." आणि तो विचारेना. दर पावसाळ्यात नानांची छाती आणखी बसत गेली. शेत सुटलं, मग गोठा सुटला, शेवटी बाजेवरून उठणंही सुटलं.

त्या शेवटच्या दुपारी वसंता मला मोटारीपर्यंत पोचवायला आला. पंचा गळ्यात होता, ओलाच. वाटेत तो म्हणाला, "मामा, तापात ते मला सुपडू म्हणतात. पट्टी काढू नको म्हणतात. तोंड बांधून बसलो की शांत होतात, म्हणून बसतो." आणि मग, "सुपडू कोण?"

त्यानं विचारलं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून सगळं सांगितलं. ऐकताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, पंच्याचं टोक पिळत होता. माझी मोटार यायच्या आतच तो वळला आणि घराकडे चालायला लागला, मग पळायला लागला. पुढचं मला अक्कानं सांगितलं. घरात येऊन तो बाजेपाशी वाकला, आणि शहरात शिकल्यापासून जी बोली त्याच्या तोंडात आली नव्हती त्या बोलीत बापाला म्हणाला, "नाना, दुसरा नही उना. आम्ही बठ्ठा वर शेतस." दुसरा आला नाही, सगळे वर आहेत, हेच पुन्हा पुन्हा सांगत होता. मी विचारलं, नानांनी ऐकलं का? अक्का म्हणाली, "देव जाने भाऊ. हात तेवढा त्याना तोंडवर ठेवं." मला हे लिहिताना रडू येतंय, आणि त्यासाठी कुठला धूर लागलेला नाही.

परवा चैत्रात चोपड्याला गेलो होतो. बाज काढून ठेवली आहे. तिची जागा तशीच मोकळी, तिथं कुणी बसत नाही. अक्का ज्वारी निवडत होती, वसंता भिंतीला टेकून जुना नाडा वळत होता, मी माझ्या शाळेच्या कटकटी सांगत होतो. भिंतीपलीकडून गोदामायची हाक आली, "अक्का वं, मिरच्या टाकस वं! खिडकी..." आणि ती मध्येच तुटली. सवयीनं हाक दिली खरी, पण नाना गेल्यावर आता तिची गरज उरली नाही हे तिच्या ध्यानात आलं असावं. अक्काचा सुपातला हात थांबला. पलीकडे काही आवाज नाही, अलीकडे काही आवाज नाही. गोदामाय मिरच्या हातात धरून तशीच उभी असणार.

वसंता उठला. त्यानं खिडकी लावली, कडी घातली, आणि परत येऊन नाडा हातात घेतला. मग पलीकडे तव्यावर मिरच्या पडल्या.